एका छेदात दिसणारी ताकद : सीटी स्कॅन आणि स्नायूंचे मोजमाप



आजारी माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "वजन किती भरलं?" वजन घटले असेल तर घरचे काळजीत पडतात आणि वजन तेवढेच असेल तर निश्चिंत होतात. परंतु वजनाचा काटा फक्त एकूण भार सांगतो. गोणी पन्नास किलोची भरली म्हणजे तिच्यात भात किती आणि फोलपट किती हे काट्यावर कळत नाही. त्याचप्रमाणे माणसाच्या वजनात हाडे, रक्त, पाणी, चरबी, आतडी, यकृत आणि स्नायू हे सगळे एकत्र मोजले जाते. त्यातला स्नायू कमी होऊन त्याच्या जागी चरबी किंवा पाणी साचले तरी काटा हलत नाही. माणूस मात्र आतून खचत जातो. त्याला जिना चढवत नाही, पाण्याचा हंडा उचलवत नाही, आणि लोक म्हणतात, "आता वय झालं."

हे खचणे डोळ्यांनी पाहता येते का आणि आकड्यांत मोजता येते का, हा या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. आपल्या भागातील अनेक कुटुंबांच्या कपाटात पुण्याहून काढून आणलेल्या सीटी स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी पडून असतात. ज्या रोगासाठी तो स्कॅन काढला त्याची माहिती अहवालात असते. पण त्याच चित्रात रुग्णाच्या स्नायूंचीही माहिती असते, आणि ती बहुधा कोणी वाचलेली नसते.

स्नायू हे नुसते बळ नव्हे, ती साठवणही आहे

शरीरात तीन प्रकारचे स्नायू असतात. हृदयाचा स्नायू, आतडी व रक्तवाहिन्या यांच्या भिंतीतले स्नायू आणि हाडांना जोडलेले स्नायू. आपण ज्यांच्या जोरावर चालतो, वाकतो, भात लावतो ते तिसऱ्या प्रकारचे. यांना अस्थिस्नायू म्हणतात. निरोगी प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण तीस ते चाळीस टक्के भाग अस्थिस्नायूंचा असतो.

यांचे काम केवळ हालचालीचे आहे असा समज आहे, तो अपुरा आहे. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू ओढून घेतात. म्हणून स्नायू कमी असलेल्या माणसाला मधुमेहाचा धोका अधिक असतो. दुसरे काम त्याहून महत्त्वाचे आहे. शरीराला प्रथिनांचे वेगळे कोठार नाही. मोठी शस्त्रक्रिया, क्षयरोग, कर्करोग, जबर जखम अशा प्रसंगी जखम भरून काढायला आणि रोगाशी लढायला लागणारी प्रथिने शरीर स्नायू मोडून मिळवते. शेतकरी अवर्षणात बियाणासाठी ठेवलेले धान्य खातो, तसाच हा प्रकार आहे. ज्याच्याकडे साठा मोठा तो तरून जातो. ज्याचा साठा आधीच रिकामा त्याला साधा न्यूमोनियाही भारी पडतो.

पन्नाशीनंतर स्नायूंचे प्रमाण दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटते आणि ताकद त्याहून वेगाने घटते. या ऱ्हासाला अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. २०१६ साली अमेरिकेतील रोगांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे ज्याला आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो, त्यातला काही भाग तपासता येणारा आणि उपचार करता येणारा आजार आहे.

सारखे वजन, वेगळे शरीर : पुण्याचे संशोधन

या विषयातील एक जगप्रसिद्ध काम आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते. त्यांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. तेथील सरासरी सुमारे ३.५ किलो होती. आपली बाळे लहान, हे अपेक्षितच होते. पण दंडाचा घेर, पोटाचा घेर, कातडीच्या चिमटीची जाडी असे एकेक माप घेतल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. तूट सर्व ठिकाणी सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव यांत ती मोठी होती. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले आणि 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ' ही कल्पना वैद्यकशास्त्रात रुजली.

पुढे २००४ साली 'लॅन्सेट' या ख्यातनाम नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे छापली. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. दोघे शेजारी उभे राहिले तर कोणीही दोघांना सडपातळच म्हणेल. पण क्ष-किरणांच्या विशेष यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणजे चरबी जितकी जास्त तितके स्नायू कमी. एकच निर्देशांक, पण शरीरे दोन.

यातून आपण घ्यायचा बोध असा की, भारतीय माणसाच्या बाबतीत वजनावरून स्नायूंचा अंदाज बांधणे विशेष धोक्याचे आहे. आपली सुरुवातच कमी भांडवलावर झालेली असते. तेव्हा आत डोकावून पाहण्याची साधने आपल्याला अधिक गरजेची आहेत.

सीटी स्कॅन : सावल्यांवरून आतले चित्र

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण फोटोत शरीराची सावली पडते. पण सावलीत पुढचे-मागचे सगळे एकावर एक येते. बरगडीमागे काय, पोटात मागच्या बाजूला काय, हे वेगळे होत नाही.

यावर उपाय शोधणाऱ्यांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे मुख्य. त्यांचा जन्म १९१९ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरमध्ये झाला आणि बालपण शेतावर गेले. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडारचे काम शिकले आणि पुढे ईएमआय या कंपनीत अभियंता झाले. एखाद्या बंद पेटीत काय आहे हे तिच्यातून सर्व बाजूंनी किरण सोडून मोजता येईल, हा विचार त्यांनी तडीस नेला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन काढण्यात आला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि याच प्रश्नाचे गणित स्वतंत्रपणे सोडवणारे ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पदवी नसलेल्या, शेतावर वाढलेल्या मुलाची ही कामगिरी आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावी.

सर्व बाजूंनी मोजल्याने आतले कसे कळते? एक छोटे कोडे सोडवून पाहा. चार घरांचा चौकोन काढा. वरच्या ओळीत दोन घरे, खालच्या ओळीत दोन. प्रत्येक घरात एक संख्या लपवली आहे. तुम्हाला फक्त बेरजा सांगितल्या आहेत. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची बेरीज ६, उजव्याची ८. डाव्या वरच्या घरापासून उजव्या खालच्या घरापर्यंत तिरकी बेरीज ७. आता लपलेल्या संख्या ओळखा. पहिले घर वरची ओळ, डावा स्तंभ आणि तिरकी रेघ या तिन्हींत येते. तिन्ही बेरजा मिळून १८ होतात. चारही घरांची एकूण बेरीज १४. जास्तीचे ४ हे पहिले घर दोनदा अधिक मोजल्यामुळे आले. म्हणून पहिले घर २. मग वरचे दुसरे ३, खालचे पहिले ४ आणि शेवटचे ५. एकही घर न उघडता चारही संख्या मिळाल्या.

सीटी यंत्र हेच करते. किरण सोडणारी नळी रुग्णाभोवती फिरते. प्रत्येक दिशेने किरण किती अडला याची नोंद होते. ही नोंद म्हणजे त्या रेषेवरची बेरीज. अशा हजारो बेरजांवरून संगणक शरीराच्या आडव्या छेदातील प्रत्येक लहान चौकोनाची संख्या काढतो. पाव आडवा कापून त्याची एकच चकती पाहावी तसा हा छेद असतो. आजच्या यंत्रात एका छेदाचे साधारणपणे ५१२ गुणिले ५१२, म्हणजे दोन लाख बासष्ट हजारांहून अधिक चौकोन असतात. या चौकोनांना पिक्सेल म्हणतात.

प्रत्येक पदार्थाचा आपला आकडा

पिक्सेलच्या संख्येला हाउन्सफील्ड एकक असे नाव आहे. या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे १०००. पाण्यापेक्षा जास्त किरण अडवणारा पदार्थ शून्याच्या वर, कमी अडवणारा शून्याच्या खाली. चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तिचा आकडा उणे १०० च्या आसपास येतो. निरोगी स्नायू अधिक ५० च्या आसपास. हाड कित्येक शेकड्यांत जाते.

स्नायू मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी उणे २९ ते अधिक १५० ही मर्यादा ठरवली आहे. या मर्यादेत येणारा पिक्सेल स्नायूचा धरायचा. कातडीखालच्या चरबीसाठी उणे १९० ते उणे ३० ही मर्यादा वापरतात. अर्थात यकृत, मूत्रपिंड, आतड्याची भिंत यांचेही आकडे स्नायूच्या मर्यादेत पडतात. म्हणून तपासणाऱ्याला शरीररचना माहीत असावी लागते. स्नायू कोठे आहेत हे पाहून त्याने कड आखायची आणि त्या कडेच्या आतले, मर्यादेत बसणारे पिक्सेल मोजायचे. नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवली तर मूत्रपिंडही स्नायू म्हणून मोजले जाईल.

भाटघरची पातळी आणि कमरेचा तिसरा मणका

सगळ्या शरीराचे स्नायू मोजायचे तर डोक्यापासून पायापर्यंत शेकडो छेद घ्यावे लागतील. एवढे किरण कोणाच्याही अंगावर सोडणे योग्य नाही. मग एका छेदावरून संपूर्ण शरीराचा अंदाज कसा येतो?

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. वेळवंडी नदीवरचे आपले भाटघर धरण घ्या. त्याच्या येसाजी कंक जलाशयात पूर्ण भरल्यावर सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. हे पाणी रोज कोणी बादलीने मोजत नाही. भिंतीजवळची पातळी वाचतात. जलाशयाचा आकार पूर्वीच मोजून कोष्टक तयार केलेले असते. इतकी पातळी म्हणजे इतका साठा, हे त्या कोष्टकावरून कळते. एका जागेचे माप घेऊन दूरवर पसरलेल्या पाण्याचा हिशोब लागतो, आणि त्यावरच पुढे नीरेच्या कालव्यांना किती पाणी सोडायचे ते ठरते.

शरीरात अशी 'पातळी वाचण्याची जागा' म्हणजे कमरेचा तिसरा मणका. ही जागा साधारण बेंबीच्या किंचित वर येते. येथे बरगड्या मध्ये येत नाहीत. एकाच छेदात कण्याच्या दोन्ही बाजूंचे पाठीचे जाड स्नायू, मांडी उचलणारे सोआस स्नायू आणि पोटाच्या भिंतीचे सर्व थर दिसतात. न्यूयॉर्क येथील संशोधकांनी तीनशेहून अधिक प्रौढांच्या संपूर्ण शरीराच्या एमआरआय चित्रांचा अभ्यास करून २००४ साली दाखवले की, या भागातील एका छेदातले स्नायूंचे क्षेत्रफळ आणि संपूर्ण शरीरातील स्नायू यांचा घट्ट संबंध असतो. त्यानंतर कॅनडातील संशोधकांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या सीटी स्कॅनवर ही पद्धत रूढ केली.

आता एक हिशोब करू. समजा, छेदाच्या चित्राची रुंदी ३६ सेंटिमीटर आहे आणि तिच्यात ५१२ पिक्सेल आहेत. ३६ भागिले ५१२ म्हणजे एका पिक्सेलची बाजू सुमारे ०.०७०३ सेंटिमीटर. तिचा वर्ग केला की एका पिक्सेलचे क्षेत्रफळ सुमारे ०.००४९४ चौरस सेंटिमीटर. स्नायूंचे २४,००० पिक्सेल भरले, तर क्षेत्रफळ सुमारे ११८.७ चौरस सेंटिमीटर. उंच माणसाचे स्नायू स्वाभाविकच मोठे असतात. म्हणून या क्षेत्रफळाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. उंची १.६५ मीटर असेल तर वर्ग सुमारे २.७२, आणि भागाकार सुमारे ४३.६. यालाच स्नायू निर्देशांक म्हणतात. दहावीच्या विद्यार्थ्याला येण्यासारखे हे गणित आहे.

धरणातला गाळ आणि स्नायूतली चरबी

पातळीच्या हिशोबात एक अडचण असते. वर्षानुवर्षे धरणात गाळ साचतो. पातळी तीच दिसते, पण खाली पाणी कमी आणि गाळ जास्त. जुने कोष्टक मग फसवे ठरते.

स्नायूंचेही तसेच आहे. वय, बैठे जीवन, मधुमेह, दीर्घ आजार यांमुळे स्नायूंच्या धाग्यांमध्ये आणि धाग्यांच्या आत चरबी शिरते. बाहेरून मांडी तेवढीच जाड, छेदातले क्षेत्रफळही जवळपास तेवढेच. ताकद मात्र गेलेली. सीटी स्कॅनचा मोठा गुण हा की, हा गाळही त्यात दिसतो. चरबी मिसळली की स्नायूचा आकडा खाली येतो. अधिक ३० ते अधिक १५० या पट्ट्यातील स्नायू चांगल्या प्रतीचा आणि उणे २९ ते अधिक २९ या पट्ट्यातील स्नायू चरबी मिसळलेला, असे सामान्यतः मानतात. फीत, वजनकाटा किंवा डोळे यांना हा भेद कळत नाही. मात्र स्कॅनच्या वेळी शिरेतून रंगद्रव्य दिले असेल तर हे आकडे थोडे वर सरकतात. म्हणून दोन स्कॅनची तुलना करताना ते सारख्या पद्धतीने काढलेले आहेत ना, हे पाहावे लागते.

रुग्णाला याचा उपयोग काय?

पहिला उपयोग कर्करोगाच्या उपचारात दिसला. २००८ साली कार्ला प्राडो आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील २५० लठ्ठ कर्करुग्णांचे स्कॅन तपासले. लठ्ठ माणूस अशक्त कसा असेल, असे कोणालाही वाटेल. पण त्यातील ३८ जणांचे स्नायू चिंताजनक रीतीने कमी निघाले. हे रुग्ण इतर लठ्ठ रुग्णांपेक्षा कमी काळ जगले आणि त्यांची स्वतःची कामे करण्याची क्षमताही कमी होती. केमोथेरपीच्या अनेक औषधांचा डोस उंची आणि वजन यांवरून ठरवतात. वजन चरबीचे असेल आणि स्नायू थोडे असतील तर त्याच डोसाचा त्रास अधिक होण्याचा संभव असतो, असेही अभ्यासांत आढळले आहे. यकृताच्या जुनाट आजारात पोटात पाणी भरल्याने वजन वाढलेले दिसते आणि स्नायू मात्र झडत असतात. तेथेही हा एक छेद काट्यापेक्षा खरे बोलतो.

दुसरा धडा अंथरुणाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर विश्रांती दिली. कोणताही रोग नव्हता, जेवण व्यवस्थित होते. तरी दहा दिवसांत त्यांच्या पायांतील चरबीविरहित भाग, म्हणजे मुख्यतः स्नायू, सरासरी सुमारे एक किलोने घटला. आपल्याकडे म्हातारा माणूस दवाखान्यातून आला की प्रेमापोटी त्याला महिना-महिना खाटेवरून उठू देत नाहीत. पाणी हातात, ताट हातात. हे प्रेम त्याच्या पायांतील बळ काढून घेते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्याला रोज उठवणे, उभे करणे, चार पावले चालवणे हीच खरी सेवा.

आकडे वापरताना सावधगिरी

प्राडो यांच्या अभ्यासात स्नायू निर्देशांकाची सीमा पुरुषांसाठी ५२.४ आणि स्त्रियांसाठी ३८.५ अशी निघाली. वरच्या उदाहरणातील पुरुषाचा ४३.६ हा आकडा पाहून त्याला लगेच रोगी ठरवायचे का? नाही. ती सीमा कॅनडातील लठ्ठ कर्करुग्णांवरून काढलेली आहे. आपल्या डोंगरपट्ट्यातील काटक शेतकऱ्याला ती जशीच्या तशी लावणे म्हणजे एका धरणाचे कोष्टक दुसऱ्या धरणाला लावणे. भारतीयांसाठी सीमा निरोगी भारतीयांच्या मापांवरूनच ठरवायला हवी. तोवर सर्वांत विश्वासार्ह तुलना म्हणजे त्याच रुग्णाचा आधीचा स्कॅन आणि नंतरचा स्कॅन. स्वतःशी केलेल्या तुलनेत परक्या कोष्टकाची गरज पडत नाही.

दुसरी सूचना तितकीच महत्त्वाची. केवळ स्नायू मोजण्यासाठी सीटी स्कॅन काढून घेऊ नये. पोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट इतका किरणांचा मारा होतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारा मारा जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट असतो. आजाराच्या निदानासाठी डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन जरूर काढावा, त्याला घाबरू नये. आणि तो काढलाच असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "साहेब, यात स्नायूंची स्थिती कशी दिसते?" त्यासाठी वेगळा स्कॅन नको, वेगळे किरण नकोत. जुने स्कॅन आणि त्यांच्या सीडी मात्र जपून ठेवाव्यात, रद्दीत घालू नयेत.

गावात, घरात काय तपासता येईल?

भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर सीटी यंत्र असणार नाही. पण फीत, खुर्ची आणि घड्याळ घरोघरी आहे. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली साध्या चाचण्यांच्या मर्यादा प्रसिद्ध केल्या. त्या अशा :

१) पोटरीचा घेर : पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर फितीने मोजावा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढील तपासणी करावी. पायाला सूज असेल तर हे माप फसवे ठरते.

२) खुर्चीवरून उठणे : हात छातीवर बांधून, आधार न घेता, खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पायांतील बळ कमी झाले आहे असे समजावे. वृद्धांची चाचणी घेताना शेजारी कोणीतरी उभे असावे.

३) मुठीची पकड : यासाठी दवाखान्यात लहानसे यंत्र असते. पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड ही दुर्बलतेची खूण मानतात.

या चाचण्या निदान नव्हेत, त्या इशारा आहेत. इशारा मिळाला की डॉक्टरांकडे जावे.

नव्वदीतही स्नायू वाढतो

"आता या वयात काय होणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धनिवासातील दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद वर्षे होते. ज्यांनी व्यायाम पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले, आणि हे क्षेत्रफळ सीटी स्कॅननेच मोजले होते. नव्वदीत जे शक्य आहे ते साठीत का होणार नाही?

आपल्याकडे समज असा की कष्टकऱ्याला व्यायामाची गरज नाही. लावणी, कापणी, डोक्यावरून ओझी यांत आयुष्य गेलेल्यांच्या बाबतीत तरुणपणी हे खरे असते. पण काम सुटते, मुले पुण्या-मुंबईला जातात आणि कालपर्यंत डोंगर चढणारी व्यक्ती ओट्यावर बसून राहते. त्या दिवसापासून साठा झपाट्याने उतरू लागतो. अशांनी दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा खुर्चीवरून उठबस करावी, भिंतीला हात टेकून टाचा वर कराव्यात, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन उचलाव्यात. हृदयविकार किंवा सांधेदुखी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

व्यायामाला आहाराची जोड हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. अनेक तज्ज्ञ वृद्धांसाठी किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे अधिक सुचवतात. नुसता भात आणि पातळ आमटी यांतून एवढे भरून निघणे कठीण. डाळ घट्ट करावी. हरभरा, वाल, मटकी, शेंगदाणे, दूध, अंडी, मासळी, सुकट यांतले जे परवडेल आणि चालेल ते रोजच्या जेवणात असावे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. आणि ज्या घरात गरोदर स्त्री आहे तेथे तिचे ताट आधी वाढावे. कारण स्नायूंचे भांडवल पोटातच घडू लागते, हे पुण्याजवळच्या त्या सहा गावांनी जगाला दाखवले आहे.

विद्यार्थी मित्रांनो,

या विषयात डॉक्टरांइतकेच काम गणित, संगणक आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांना आहे. पूर्वी एका छेदातील स्नायूंची कड हाताने आखायला बराच वेळ लागे. आता संगणकाला शिकवून ते काम काही क्षणांत होते. २०२३ साली स्वित्झर्लंडमधील बासल येथील संशोधकांनी सीटी चित्रातील शंभराहून अधिक अवयव व स्नायू आपोआप ओळखणारी 'टोटलसेगमेंटेटर' नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. चित्रातील क्षेत्रफळ मोजणारी 'इमेजजे' ही प्रणाली तर कित्येक वर्षांपासून विनामूल्य मिळते. महाविद्यालयातील साध्या संगणकावर ती चालते. सीटी यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, चित्रे वाचणारे रेडिओलॉजिस्ट, आहारतज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ या सर्व वाटा आपल्या मुला-मुलींसाठी उघड्या आहेत. भारतीय शरीराचे कोष्टक अजून पूर्ण व्हायचे आहे. ते काम आपल्यातल्याच कोणीतरी हाती घ्यावे.

संस्थेच्या सभासदांना विनंती अशी की, पुढील आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर यांच्या तपासणीसोबत एक फीत, एक खुर्ची आणि एक घड्याळही ठेवावे. साठीपुढील प्रत्येकाची पोटरी मोजावी, पाच उठबशा घ्याव्यात आणि वहीत तारीख घालून नोंद करावी. पुढच्या वर्षी तीच वही उघडली म्हणजे कोणाचा साठा उतरला आणि कोणाचा टिकला हे आपल्याला कळेल. धरणाची पातळी जशी नियमाने वाचली जाते, तशीच आपल्या वडीलधाऱ्यांच्या बळाचीही नोंद नियमाने ठेवली जावी, एवढीच अपेक्षा.